लोहाराच्या मुलाने मांडलेला हिशेब

आपल्या मंडळ्यांतून नववी-दहावीत शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हटकून असतो. सोडियमच्या अणूत इलेक्ट्रॉन किती, आणि सोडियमच्या आयनात किती? मुले उत्तर पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. परंतु ‘आयन’ हा शब्द जगाच्या व्यवहारात कोणी आणला, असे विचारले तर बहुतेक मुले गप्प बसतात. हा शब्द 1834 साली मायकेल फॅरेडे यांच्या लेखातून प्रथम लोकांसमोर आला. हे फॅरेडे लंडनमधील एका लहानशा मंडळीचे वडील होते, रविवारी उपदेशाला उभे राहत आणि आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करीत, ही गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात नसतेच.

आमच्या उटनूरच्या बाजूला मुले घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजीतून शिकतात आणि रविवारी पुन्हा मराठीतून पवित्र शास्त्र ऐकतात. घर, शाळा आणि मंदिर या तीन ठिकाणांच्या तीन भाषा झाल्या, की मुलाच्या मनातही तीन कप्पे होतात. शाळेत शिकलेले मंदिरात आणायचे नाही आणि मंदिरात ऐकलेले शाळेत बोलायचे नाही, असे ते मूल कोणी न सांगताच शिकते. पुढे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कॉलेजात गेले, की त्यातला एक कप्पा हळूच बंद होतो. कोणता बंद होतो, हे आपण सर्व जाणतो. म्हणून ज्या मनुष्याच्या आयुष्यात हे दोन्ही कप्पे शेवटपर्यंत उघडे राहिले, त्याची हकिकत शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

भाता आणि पुस्तके

मायकेल फॅरेडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. आपल्या खेड्यांतून बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारा लोहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या घराची कल्पना येईल. त्यातून जेम्स यांची प्रकृती बिघडलेली, त्यामुळे भाता रोज पेटत नसे. 1801 साली इंग्लंडात धान्य फार महागले, तेव्हा आठवड्याला एक पाव एवढाच मायकेलच्या वाट्याला येत असे असे सांगतात. शाळा म्हणाल तर वाचणे, लिहिणे आणि थोडीशी आकडेमोड इतकीच. आयुष्यभर फॅरेडे यांना उच्च गणित आले नाही, ही गोष्ट येथेच नमूद करून ठेवतो, कारण पुढे तिची गरज लागणार आहे.

हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका छोट्या पंथाचे होते. स्कॉटलंडच्या मंडळीतून जॉन ग्लास यांच्यामागे जे लोक वेगळे झाले, त्यांचा हा पंथ. ग्लास यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. या लोकांत पगारी पाळक नसे. मंडळीतून निवडलेले वडीलच आळीपाळीने उपदेश करीत. रविवारी दोन उपासनांच्या मध्ये सर्वजण एकत्र बसून जेवत, आणि एकमेकांचे पाय धुण्याची चालही त्यांनी राखली होती. धन साठवून ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

तेराव्या वर्षी, म्हणजे 1804 साली, मायकेल जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवणारा पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी त्याच दुकानात बुकबाइंडिंग शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने उमेदवार झाला. बांधणीला आलेली पुस्तके तो नुसती शिवीत नसे, तर वाचीतही असे. एका ज्ञानकोशातील विद्युतविषयक लेख त्याने तेथेच वाचला. श्रीमती जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक तेथेच हाती आले. आणि आपल्या उपासनासंगीतामुळे ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे त्या आयझॅक वॉट्स यांचे मनाच्या सुधारणेविषयीचे पुस्तकही त्याने वाचले. वॉट्स हे गीतकार तर होतेच, पण नेमके शब्द वापरा, पाहिलेले टिपून ठेवा, उतावळेपणाने निष्कर्ष काढू नका, अशी शिस्त त्यांनी त्या पुस्तकात घालून दिली होती. फॅरेडे यांनी ती शिस्त जन्मभर पाळली.

1812 साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे इंग्लंडातील नामांकित रसायनशास्त्रज्ञ. रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत त्यांची व्याख्याने ऐकायला मोठमोठे लोक गर्दी करीत. फॅरेडे यांनी चार व्याख्यानांची टिपणे घेतली, ती सुरेख अक्षरांत उतरवली, चित्रे काढली, स्वतःच्या हातांनी बांधली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून नोकरी मागितली. 1 मार्च 1813 पासून त्यांना त्या संस्थेत साहाय्यक म्हणून घेतले गेले. आठवड्याला 25 शिलिंग पगार आणि माडीवर राहायला दोन खोल्या. बाटल्या धुण्यापासून काम सुरू झाले. त्याच इमारतीत त्यांनी पुढे जवळजवळ पन्नास वर्षे काढली.

12 जून 1821 रोजी आपल्याच मंडळीतील सेरा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी मंडळीसमोर आपल्या विश्वासाचा अंगीकार केला. पत्नीलाही त्यांनी आधी सांगितले नव्हते. ती आपल्या व देवाच्या मधली गोष्ट आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांना मूलबाळ झाले नाही.

मोरचूद आणि वजनाचा काटा

1831 साली फॅरेडे यांनी तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकाची हालचाल केली असता तारेत विद्युत उत्पन्न होते हे दाखवले. आज आपल्या घरात दिवा लागतो तो या शोधाच्या आधाराने. हे वर्ष मराठी ख्रिस्ती वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आपले बाबा पदमनजी त्याच वर्षी जन्मले. पाठोपाठ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. मराठी वर्तमानपत्राचा पाळणा हलत होता, तेव्हा लंडनच्या तळघरातील प्रयोगशाळेत हे काम चालले होते.

लागलीच त्यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. पाण्यात विरघळलेल्या किंवा वितळवलेल्या क्षारातून विद्युत सोडली की त्या क्षाराचे तुकडे होतात, हे माहीत होते. डेव्हींनी 1807 साली याच मार्गाने सोडियम वेगळा केला होता. पण किती विद्युत दिली म्हणजे किती पदार्थ सुटतो, याचा हिशेब कोणी नीट मांडला नव्हता.

शेतकऱ्याच्या घरी मोरचूद असतो. त्याचे निळे पाणी करून त्यात तांब्याच्या दोन तारा सोडाव्यात आणि त्या टॉर्चच्या दोन सेलांच्या टोकांना जोडाव्यात. काही वेळाने ऋण टोकाच्या तारेवर ताजे तांबडे तांबे जमते आणि धन टोकाची तार झिजू लागते. दागिन्यांवर मुलामा चढवणारे कारागीर याच रीतीने काम करतात. (मोरचूद विषारी असतो. प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी करावा आणि मुलांना दुरून दाखवावा.)

फॅरेडे यांनी काटा घेतला आणि वजने केली. त्यांना पहिली गोष्ट अशी आढळली, की विद्युत दुप्पट दिली तर सुटणारा पदार्थही दुप्पट होतो. दुसरी गोष्ट अधिक खोल होती. तीच विद्युत निरनिराळ्या क्षारांतून नेली, तर जितक्या विजेने 1 ग्रॅम हायड्रोजन सुटतो, तितक्याच विजेने चांदी सुमारे 108 ग्रॅम, तांबे सुमारे 31.8 ग्रॅम आणि ॲल्युमिनियम 9 ग्रॅम सुटते. हे आकडे आजचे आहेत. ॲल्युमिनियमवर फॅरेडे यांनी हा प्रयोग केला नव्हता, पण नियम त्यांचाच. वितळवलेल्या कथलाच्या क्षारावर त्यांनी स्वतः प्रयोग केले आणि कथलाचा आकडा 58 च्या आसपास आला. कथलाचे अणुभारांक आज 118.7 मानले जाते व त्याचे निम्मे 59.35 होते. साधा काटा, घरी बनवलेली बॅटरी आणि नळीत गोळा केलेला वायू एवढ्यावर ते इतके जवळ पोहोचले.

आता या आकड्यांकडे पाहा. चांदीचे अणुभारांक 108, आणि सुटली 108. तांब्याचे 63.5, पण सुटले त्याच्या निम्मे. ॲल्युमिनियमचे 27, पण सुटले त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. असे का व्हावे?

समजा आपल्या हाती सहा नाणी आहेत. चांदीचा प्रत्येक कण एक नाणे घेऊन बाहेर येतो, तर सहा नाण्यांत सहा कण येतील. तांब्याचा प्रत्येक कण दोन नाणी मागतो, तर तीनच येतील. ॲल्युमिनियमचा कण तीन मागतो, तर दोनच येतील. काट्यावर जे निम्मे आणि तिसरा हिस्सा दिसले, त्याचा अर्थ हाच. कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाणी तर मुळीच दिसत नाहीत. पण किती कणाला किती नाणी लागली, हे वजनावरून कळते.

विजेच्या ओढीने जे कण एका टोकाकडे किंवा दुसऱ्या टोकाकडे निघतात, त्यांना काहीतरी नाव हवे होते. फॅरेडे यांना ग्रीक भाषा येत नव्हती. त्यांनी केंब्रिजचे पंडित विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहून विचारले. ह्यूएल हे दीक्षित पाळक होते. त्यांनी सुचवलेल्या शब्दांतून आयन, कॅटायन, ॲनायन, कॅथोड आणि ॲनोड हे शब्द रूढ झाले. ग्रीक भाषेत आयन याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. जो वाटेला लागला आहे तो आयन. आपले मराठी पाठ्यपुस्तक याच शब्दाला धन आणि ऋण अशी विशेषणे लावते.

उरलेला अर्धा हिशेब

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर दोन अर्ध्या भागांचे आहे, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. पहिला भाग म्हणजे अणूत मुळात इलेक्ट्रॉन किती. दुसरा भाग म्हणजे आयन होताना त्यांतले किती गेले किंवा किती आले. फॅरेडे यांच्या काट्याने दुसरा भाग 1834 सालीच हाती दिला होता. पहिला भाग मिळायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

1881 साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी लंडनमध्ये फॅरेडे यांच्या स्मरणार्थ व्याख्यान दिले. पदार्थ जर कणाकणांचा बनलेला असेल, तर फॅरेडे यांच्या नियमावरून विद्युतही ठरावीक तुकड्यांचीच बनलेली असली पाहिजे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. 1891 साली आयर्लंडचे स्टोनी यांनी त्या तुकड्याला ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव दिले. 1897 साली जे. जे. टॉमसन यांनी तो कण प्रयोगाने दाखवला. 1911 साली रदरफर्ड यांनी अणूच्या पोटात धन भाराचे केंद्रक आहे असे सांगितले. आणि 1913 साली हेन्री मोसली या तरुणाने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजून त्या केंद्रकावरचा भार एक-एक पायरीने कसा वाढतो ते दाखवले. त्या पायरीचा क्रमांक म्हणजे अणुअंक. 1915 च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मोसली मारले गेले, तेव्हा ते 27 वर्षांचे होते.

आता मुलांना सांगावयाची रीत अगदी सोपी आहे. अणूवर एकंदर भार नसतो, म्हणून जितका अणुअंक तितके इलेक्ट्रॉन. सोडियमचा अणुअंक 11, तेव्हा त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन 11. सोडियमच्या आयनावर एक धन भार असतो, तेव्हा 11 वजा 1, म्हणजे 10. क्लोरीनचा अणुअंक 17, आणि त्याच्या आयनावर एक ऋण भार, तेव्हा 17 अधिक 1, म्हणजे 18. आपण भाजीत मीठ टाकतो ते या दोघांचे बनलेले असते. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने तो घेतला. दोघांचे मिळून आधीही 28 होते आणि आताही 28 च आहेत. देण्याघेण्यात एकही इलेक्ट्रॉन हरवला नाही.

मुले चुकतात ती चिन्हापाशी. धन म्हणजे मिळवायचे आणि ऋण म्हणजे वजा करायचे, अशी गणितातली सवय येथे उलटी पडते. इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण भाराचा आहे. तो गेला की आयन धन होतो, तो आला की आयन ऋण होतो. म्हणून धन चिन्ह दिसले की इलेक्ट्रॉन कमी झाले असे समजावे. एवढे एकदा मनात बसले, की पुढे अडचण नाही. तांब्याचा अणुअंक 29, मोरचुदातील तांब्याच्या आयनावर दोन धन भार, म्हणून इलेक्ट्रॉन 27. लोखंडाचा अणुअंक 26. त्याचे दोन प्रकारचे आयन असतात. एकावर दोन धन भार, त्यात 24, आणि दुसऱ्यावर तीन, त्यात 23. मोरचुदाचा दुसरा भाग सल्फेट. त्यात गंधकाचे 16 आणि ऑक्सिजनच्या चार अणूंचे प्रत्येकी 8 म्हणजे 32, मिळून 48. त्यावर दोन ऋण भार, म्हणून एकंदर 50. येथे अणुभारांक मध्ये आणू नये. पुष्कळ मुले 11 च्या जागी सोडियमचे 23 घेतात आणि पुढचा सारा हिशेब चुकतो.

फॅरेडे यांनी आणखी एक गोष्ट केली, किंवा खरे म्हणजे केली नाही. अणू हे पदार्थाचे खरे तुकडे आहेत असे त्या वेळचे अनेक रसायनशास्त्रज्ञ बिनदिक्कत बोलत. फॅरेडे मात्र त्या शब्दापाशी सावध राहत. काट्यावर जे दिसले ते त्यांनी ठामपणे सांगितले, आणि जे दिसले नाही त्याविषयी मत राखून ठेवले. विद्युतच पदार्थाचे तुकडे पाडते असे ते समजत होते. क्षार पाण्यात विरघळतानाच त्याचे आयन वेगळे होतात हे 1880 नंतरच्या दशकात स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी दाखवले. म्हणजे फॅरेडे यांचे स्पष्टीकरण त्या ठिकाणी अपुरे ठरले. पण त्यांचा हिशेब अपुरा ठरला नाही, कारण तो त्यांनी स्वतःच्या मतावर नव्हे तर मोजमापावर उभा केला होता.

मंडळीबाहेरचे पाच आठवडे

1832 साली मंडळीने त्यांना डीकन नेमले आणि 1840 साली वडील. ज्या दिवसांत त्यांचे नाव युरोपभर गाजत होते, त्या दिवसांत हे रविवारी त्या साध्या सभागृहात कारागीर व दुकानदारांच्या शेजारी बसत. ज्यांनी त्यांची दोन्ही भाषणे ऐकली त्यांनी लिहून ठेवले आहे, की रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये श्रोत्यांना डोलवणारे फॅरेडे उपदेशाला उभे राहिले की अगदी साधे होत. शास्त्रवचनामागून शास्त्रवचन वाचीत आणि स्वतःची कल्पकता मुद्दाम बाजूस ठेवीत. आमच्यासारख्या उपदेश करणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

1844 च्या मार्चअखेर याच मंडळीने त्यांना सभासदत्वातून काढले. एका रविवारी ते राणीकडे जेवायला गेल्यामुळे उपासनेला चुकले आणि म्हणून हे झाले, अशी गोष्ट फार सांगितली जाते. परंतु पुढील अभ्यासकांनी मंडळीचे कागद पाहून दाखवले आहे, की शिस्तीच्या प्रश्नावरून त्या वेळी मंडळीत वाद झाला होता आणि त्यांच्याबरोबर आणखीही सभासद काढले गेले होते. तेव्हा राणीची गोष्ट शब्बाथ शाळेत खरी म्हणून सांगू नये.

त्यांनी काय केले, हे महत्त्वाचे. जगातील कोणत्याही शहरात त्यांचे स्वागत झाले असते. दुसऱ्या कोणत्याही मंडळीने त्यांना आनंदाने जागा दिली असती. वर्तमानपत्रात चार ओळी लिहिल्या असत्या तर त्या लहानशा पंथाचे हसे झाले असते. ते त्यांनी केले नाही. त्यांना अतिशय दुःख झाले, परंतु सुमारे पाच आठवड्यांनी पश्चात्तापपूर्वक ते पुन्हा त्याच मंडळीत घेतले गेले. वडिलाचे पद मात्र गेले ते गेलेच. ते त्यांना पुन्हा मिळाले 1860 साली. मधली सोळा वर्षे ते साध्या सभासदाच्या बाकावर बसले. आपल्या मंडळ्यांतून पद गेले म्हणून मंदिर सोडणारे आणि जाताना चार घरे बरोबर नेणारे किती आहेत, हे आम्ही सांगायला नको.

मंडळीचा निर्णय योग्य होता असे आमचे म्हणणे नाही. त्या निर्णयाची कठोरता आज वाचतानाही बोचते. शिस्त कठोर असू शकते आणि ती सोसणारा मनुष्य नम्र असू शकतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

पैसा, मान आणि मुले

संस्थेकडून फॅरेडे यांना वर्षाला 100 पौंड, राहायला जागा, कोळसा व मेणबत्त्या मिळत. कारखानदारांना सल्ला देऊन ते 1830 च्या सुमारास वर्षाला हजार पौंडांवर मिळवू लागले होते. संशोधनाला वेळ उरावा म्हणून ते काम त्यांनी जवळजवळ सोडून दिले. 1835 साली त्यांना सरकारी वेतन देण्याचे घाटत होते. त्या भेटीत पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न अशा वेतनांविषयी अनादराने बोलले, तेव्हा फॅरेडे यांनी ते नाकारले. मेलबर्न यांनी लेखी दिलगिरी कळवल्यावरच त्यांनी वर्षाला 300 पौंडांचे ते वेतन घेतले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि ‘सर’ ही पदवी त्यांनी स्वीकारली नाही. आयुष्यभर ते साधे श्रीयुत फॅरेडे राहिले.

1853 साली लंडनमध्ये टेबले फिरवण्याचे वेड पसरले. लोक टेबलाभोवती बसून हात ठेवीत, टेबल हलू लागले की मृतात्मे आले असे मानीत. फॅरेडे यांनी हाताखाली सरकणाऱ्या पट्ट्यांचे एक साधे यंत्र ठेवले आणि टेबल हलण्यापूर्वी बसलेल्यांचेच हात नकळत ढकलतात हे दाखवले. त्यांनी कोणाला लबाड म्हटले नाही. लोक प्रामाणिकपणे फसत होते. भानामती आणि अंगात येणे यांनी ज्या खेड्यांत अजून माणसे घाबरतात, तेथील विश्वासणाऱ्यांना या गोष्टीचे मोल कळेल. देवावर भरवसा ठेवणारा मनुष्य प्रत्येक चमत्कारिक गोष्टीवर भरवसा ठेवील असे नाही. उलट तोच ती तपासून पाहील.

मुलांवर त्यांचे फार प्रेम. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा त्यांच्या संस्थेत 1825 च्या सुमारास सुरू झाली, आणि त्यांनी स्वतः ती अनेक वर्षे दिली. 1860 च्या नाताळात त्यांनी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मेण कसे वितळते, वातीतून कसे चढते, ज्योत कोठे तापते, धूर म्हणजे काय, असे विचारीत त्यांनी मुलांना सारे रसायनशास्त्र दाखवले. ते पुस्तक 1861 साली निघाले आणि अजूनही वाचले जाते. मंडळीतल्या शिक्षकाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही हे यावरून दिसते.

1840 च्या आसपास त्यांची प्रकृती ढासळली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. 1841 साली विश्रांतीसाठी ते स्वित्झर्लंडला गेले. 1845 साली ते पुन्हा उभे राहिले आणि चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम शोधून काढला. परंतु स्मरण पुढे हळूहळू जात राहिले. नियम शोधणाऱ्या माणसाला आपणच काल काय केले ते आठवू नये, याहून कठीण परीक्षा ती कोणती? आपण केलेले प्रयोग विसरू नयेत म्हणून ते प्रत्येक टिपणाला क्रमांक घालून ठेवीत. 1858 साली राणी व्हिक्टोरिया यांनी त्यांना हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले. तेथेच 25 ऑगस्ट 1867 रोजी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या ते शांतपणे गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजांच्या व मोठ्यांच्या शेजारी पुरण्याचा मान त्यांनी घेतला नाही. हायगेटच्या स्मशानभूमीत नाव आणि दोन तारखा एवढाच मजकूर असलेला दगड त्यांच्यावर आहे.

त्यांचे नाव मात्र मोजमापात राहिले. एक ग्रॅम-तुल्यांक पदार्थ सोडवायला जितकी विद्युत लागते, सुमारे 96,485 कूलोम, तिला आज फॅरेडे असे म्हणतात. गणित न आलेल्या मनुष्याच्या नावाचा आकडा प्रत्येक रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी या हकिकतीतून दोन कामे करावीत अशी आमची विनंती आहे. वर्गातील मूल शाळेच्या विज्ञानाविषयी प्रश्न विचारील, तेव्हा तो विषय येथला नाही असे म्हणू नये. उत्तर माहीत असेल तर सांगावे, आणि नसेल तर पुढच्या रविवारी शोधून आणू असे सांगावे. फॅरेडे यांनी अणूविषयी हेच केले. दुसरे असे, की मंडळीत गरिबाघरचे मूल असते, वही जुनी, चप्पल तुटकी, गणितात मागे. त्याला चार लोकांसमोर कमी लेखू नये. कोणाच्या दुकानात कोणते मूल काय वाचीत बसले आहे, हे आपल्याला कळत नाही. 1805 साली रीबो यांनाही ते कळले नव्हते. पण त्यांनी त्या मुलाला वाचू दिले.